लॅम्पशेड सगळ्यात शेवटी घ्या: घरात शेडचा दिवा लावण्याचा क्रम

दुकानात डोळ्यांत भरलेली शेड घरी आणल्यावर डोळ्यांत खुपते. नाहीतर ती लावल्यावर हॉलमध्ये इतका अंधार होतो की पाहुणे आले की पुन्हा ट्यूबलाइटच लावावी लागते. शेडमध्ये खोट क्वचितच असते. आधी शेड घेतली, मग ड्रॉवरमध्ये पडलेला नऊ वॅटचा पांढरा बल्ब तिच्यात लावला आणि जिथे प्लग सापडला तिथे दिवा उभा केला, असा सगळा उलटा क्रम झालेला असतो.

शेडला मुळात दोन कामे असतात: बल्ब नजरेआड ठेवणे आणि उजेड हवा तिकडे वळवणे. दोन्ही कामे जागा, नजरेची उंची आणि बल्ब यांवर ठरतात, म्हणून शेड शेवटी. पुढचे टप्पे ठाणे-नवी मुंबईतले वन-बीएचके, टू-बीएचके फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत: छत नऊ-साडेनऊ फुटांवर, हॉलच्या मधोमध पंखा, पावसाळ्यात चार महिने दमट हवा.

## तयारी

मोजपट्टी, पेन्सिल, मोबाइलचा टॉर्च, लाइनटेस्टर, जुने वर्तमानपत्र आणि सुतळी एवढे जवळ ठेवा. वर्तमानपत्र कशाला, ते तिसऱ्या टप्प्यात येईल. घरातल्या सगळ्या बल्बांवर आणि ट्यूबवर काय छापले आहे ते एका कागदावर लिहून काढा: वॅट, ल्युमेन (बल्ब एकूण किती उजेड देतो त्याचे माप) आणि ‘के’ अक्षरापुढचा आकडा (केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग: आकडा लहान तितका पिवळसर, मोठा तितका निळसर-पांढरा). बहुतेक घरांत सगळीकडे ६५०० के निघेल. हा आकडा पुढे लागणार आहे.

## १. दिव्याखाली काय करणार, ते एका वाक्यात लिहा

‘हॉलसाठी दिवा’ हे वाक्य चालणार नाही. ‘सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून आई रात्री पेपर वाचते’ हे चालेल. ‘जेवताना ताट दिसावे, पण समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये’ हेही चालेल. शेडच्या दिव्याची कामे घरात तीन-चारच असतात: वाचन, जेवण, कोपरा उजळणे, झोपण्याआधीचा मंद उजेड. एका दिव्याकडून दोन कामे मागितली की दोन्ही अर्धवट होतात.

आणि छतावरचा दिवा काढू नका. एक शेड अख्खी खोली उजळत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. झाडू मारायला, हरवलेली टिकली शोधायला ट्यूबच लागते.

## २. नजरेची उंची मोजा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण हे मोजावे असे कोणाला वाटतच नाही.

जो माणूस तिथे बसणार आहे त्याला नेहमीसारखे बसायला सांगा. ताठ नव्हे, नेहमीसारखे. जमिनीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजा. सोफ्यावर ते साधारण १०० ते ११० सेंमी येते, खाली गादीच्या बैठकीवर ७० ते ८० सेंमी. ही नजरेची रेषा. उभ्या किंवा टेबलावरच्या दिव्याच्या शेडची खालची कड या रेषेवर किंवा तिच्या किंचित खाली यायला हवी. कड वर गेली तर बल्ब थेट डोळ्यांत येतो, फार खाली आली तर उजेडाचे वर्तुळ पुस्तकापर्यंत पोहोचत नाही.

आता हिशेब करा. सोफ्याशेजारचे टेबल ५५ सेंमी उंच आणि नजरेची रेषा १०५ वर असेल, तर टेबलाच्या पृष्ठभागापासून शेडच्या कडेपर्यंत साधारण ५० सेंमी हवेत. म्हणजे बाजारात सहज मिळणारा बुटका बेडसाइड लॅम्प इथे कमी पडणार. तो पलंगाशेजारीच ठीक, आणि तिथेही उशीला टेकून बसून पुन्हा मोजायचे.

जेवणाच्या टेबलावर टांगायच्या दिव्याचे माप वेगळे. टेबलाच्या फळीपासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ७५ ते ८० सेंमी ठेवा. फळी बहुधा ७५ सेंमीवर असते, म्हणजे कड जमिनीपासून दीड मीटरवर येईल. दुकानातले किंवा इंटरनेटवरचे फोटो पाहून लोक हा दिवा फार वर टांगतात, मग तो छताला चिकटलेला दिसतो आणि बल्ब सगळ्यांना दिसतो.

सावध: आपल्याकडे जेवणाचे टेबल एका जागी राहत नाही. गणपतीत मखरासाठी, मुंजी-बारशाला पंगतीसाठी ते भिंतीला सरकते आणि दीड मीटरवरचा दिवा कपाळाला लागतो. टेबल हलत असेल तर टांगता दिवा लावू नका, किंवा वायरची उंची कमी-जास्त करता येईल असा घ्या. माणसे ज्या वाटेने ये-जा करतात तिथे शेडखाली किमान २१० सेंमी मोकळे हवेत.

## ३. आड येणाऱ्या गोष्टी आधी पाहा

पंखा पहिला. दिवा पात्यांच्या वर किंवा त्यांच्या पातळीत शेजारी आला, तर उजेड पात्यांनी कापला जातो आणि भिंतीवर सावल्या भिरभिरतात. दोन मिनिटांत डोके दुखू लागते. शिवाय कागदाची किंवा वेताची हलकी शेड वाऱ्याने दिवसभर झुलते आणि वरच्या जोडापाशी वायरला पीळ बसत राहतो. पात्याच्या टोकापासून दोन-अडीच फूट लांब आणि पात्यांच्या पातळीच्या खाली, असा माझा ठोकताळा. घोडबंदर रोडवरच्या किंवा खाडीकडे तोंड असलेल्या उंच इमारतींत खिडकीच्या झोताचाही विचार करा. तिथे जड धातूची किंवा काचेची शेड बरी.

देव्हाऱ्याजवळ समई, निरांजन, उदबत्ती असते. त्यांच्या वर किंवा हाताच्या अंतरात कापडी-कागदी शेड नकोच. पडदा उडून जिथे टेकू शकतो तिथेही नको. टीव्हीसमोरची भिंत टाळा, कारण बंद पडद्यावर शेडचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला दिवा चालतो.

तपासा: वर्तमानपत्राची शेडच्या मापाची नळी करा आणि ठरलेल्या उंचीवर सुतळीने टांगा किंवा स्टुलावर उभी करा. दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. कोण धडकतो, कपाटाचे दार कुठे लागते, पंखा लावल्यावर काय होते, सगळे कळते. दिवा मात्र या कागदात लावू नका.

## ४. आता बल्ब

उजेड ल्युमेनमध्ये मोजा. नऊ वॅटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी नाही. तो उशाशी ठेवला की त्रास होणारच. उशाशी २५० ते ४०० ल्युमेन, म्हणजे तीन-चार वॅट पुरतात. कोपऱ्यातल्या दिव्याला ४०० ते ५००. वाचन आणि जेवणाचे टेबल यांना ६०० ते ८००, कारण कापड काही उजेड गिळते.

रंग. शेडमध्ये २७०० ते ३००० के, म्हणजे दुकानात ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात तो. क्रीम किंवा कच्च्या सुताच्या रंगाच्या कापडात ६५०० चा बल्ब लावला की कापड राखाडी, आजारी दिसते. मग दोष शेडला दिला जातो. तयारीत लिहिलेला कागद इथे कामाला येतो: छताचा दिवा ६५०० असेल तर तो आणि शेडचा दिवा एकाच वेळी लावू नका, नाहीतर अर्धी खोली निळसर आणि अर्धी पिवळी दिसते. दोन्ही एकत्र लागणारच असतील तर छतावर ४००० के आणा.

उजेड कोणत्या बाजूला पडतो. ही गोष्ट दुकानदारही सांगत नाहीत. साध्या एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग अपारदर्शक प्लास्टिकचा असतो, उजेड फक्त दुधी घुमटातून पुढे जातो. टेबलावरच्या दिव्यात बल्ब वर तोंड करून बसतो, म्हणजे उजेड छताकडे जातो आणि शेडचा खालचा भाग व त्याखालचे पुस्तक काळोखात राहते. शेड अर्धी उजळलेली दिसली की समजा हेच झाले आहे. टांगत्या दिव्यात उलट: खाली लख्ख, वरचा भाग काळा. यावर उपाय म्हणजे दुधी काचेचा फिलामेंट एलईडी (आत उजळणाऱ्या बारीक तारांसारख्या पट्ट्या असलेला), जो चहूबाजूंनी उजेड देतो. पारदर्शक काचेचा फिलामेंट शोभेला छान, पण तो बल्ब झाकणाऱ्या शेडमध्येच लावा. उघड्या जाळीत त्याच्या तारा डोळ्यांत टोचतात.

उष्णता. शेडवर ‘कमाल ४० वॅट’ लिहिलेले असते ते जुन्या बल्बच्या उष्णतेसाठी. नऊ वॅटचा एलईडी तिथे जळणार-बिळणार नाही. मात्र एलईडीची उष्णता त्याच्या मानेत, इलेक्ट्रॉनिक भागात साठते. वरून-खालून बंद असलेल्या काचेच्या गोळ्यात तो लवकर मरतो. बंद शेडमध्ये कमी वॅटचा घ्या.

सावध: शेडचा दिवा पंख्याच्या रेग्युलेटरला जोडून मंद करण्याची युक्ती करू नका. साधा एलईडी त्यावर लुकलुकतो आणि खराब होतो. मंद करायचा असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब आणि एलईडीला चालणारा डिमर, दोन्ही हवेत. पाकिटावर आयएस १६१०२ (एलईडी बल्बचे भारतीय मानक) आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहून घ्या.

## ५. शेड निवडा

आता बाजारात जायला हरकत नाही. खिशात चार गोष्टी असतील: काम, कडेची उंची, बल्ब आणि जागेचे माप.

आकार कामावरून ठरतो. सरळ डब्यासारखी कापडी शेड बाजूलाही उजेड देते आणि वर-खालीही, कोपऱ्याला उत्तम. खाली रुंद, वर निमुळती शेड खालच्या बाजूला जास्त उजेड सोडते, म्हणून वाचनाला ती. धातूचा घुमट फक्त खाली पाडतो: जेवणाच्या टेबलावर किंवा ओट्यावर चांगला, पण भिंती काळोख्या राहतात आणि खोली लहान वाटते. कागदाचा किंवा दुधी काचेचा गोळा सगळीकडे सारखा उजेड देतो, लहान खोलीत तोच बरा. वेताच्या, बांबूच्या, नक्षीच्या जाळीच्या शेडची नक्षी भिंतभर सावली होऊन पसरते. हौस म्हणून एखाद्या संध्याकाळी ठीक, पण मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ती नको. वहीवर पट्टे पडतात.

मापाचे तीन नियम लक्षात ठेवा. टेबलावरच्या दिव्यात शेडची उंची स्टँडच्या उंचीच्या दोनतृतीयांश आणि खालचा व्यास स्टँडच्या उंचीइतका किंवा थोडा कमी. जेवणाच्या टेबलावर शेडचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोनतृतीयांश, म्हणजे ७५ सेंमी रुंद टेबलाला ३८ ते ५० सेंमी. आणि बल्ब व कापड यांत सगळीकडून निदान चार-पाच सेंमी अंतर. बल्ब कापडाजवळ आला तर तिथे पांढरा डाग दिसतो आणि कापड पिवळे पडते.

आतला रंग बाहेरच्या रंगाइतकाच महत्त्वाचा. आत पांढरा असेल तर जास्तीत जास्त उजेड परत येतो, सोनेरी असेल तर तो आणखी उबदार होतो. बाहेरून काळी किंवा गडद निळी शेड बाजूने उजेड जवळजवळ सोडतच नाही, तो फक्त वर आणि खाली जातो. बसायच्या खोलीतला एकुलता एक दिवा असा असू नये.

तपासा (दुकानातच): मोबाइलचा टॉर्च शेडच्या आत धरा. कापडाची वीण, गोंदाचे डाग, जोड, सगळे दिसते. तारेची चौकट हाताने हलकेच दाबा, डुगडुगली तर नको. गंज आत्ताच दिसत असेल तर पावसाळ्यानंतर तो कापडावर तपकिरी रेघ होऊन बाहेर येणार.

दमट हवेबद्दल इथेच सांगतो. वाशी, ऐरोली, कोपरी, कळवा, खाडीला लागून असलेल्या सगळ्या भागांत पातळ कागदाची शेड जुलै-ऑगस्टमध्ये लोंबते, वेत आणि ज्यूटवर बुरशी धरते. पॉलिकॉटन, पीव्हीसीचे अस्तर असलेले कापड, काच आणि पावडर कोटिंग केलेला धातू टिकतात. खादी, रेशीम घ्यायचे तर आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर. लोक जुना आकाशकंदील शेड म्हणून वर्षभर टांगतात, त्याला माझी हरकत नाही. फक्त पतंगी कागद असेल तर तीन वॅटच्या वर जाऊ नका, आणि पावसाची झड येते अशा बाल्कनीत नको.

## ६. होल्डर आणि रिंग जुळवा

शेड सुंदर, पण होल्डरवर बसत नाही: ऑनलाइन खरेदीत हे फार होते. आपल्या घरांत बहुधा दोन पिनांचा बी २२ होल्डर असतो, तयार दिव्यांत आट्यांचा ई २७, लहान दिव्यांत बारीक ई १४. शेडच्या मधल्या कड्याचे भोक ई २७ साठी साधारण ४० मिमी, तर लहान होल्डरसाठी २८ मिमीच्या आसपास असते. मोठे भोक लहान करणारी प्लास्टिकची रिंग मिळते. उलटे मात्र होत नाही.

बी २२ मधून ई २७ करणारा अॅडॉप्टर स्वस्त असतो, पण त्याने बल्ब तीन-चार सेंमी पुढे सरकतो आणि टांगत्या दिव्यात शेडच्या कडेखाली डोकावतो. होल्डरच बदलणे चांगले. ठाण्यात स्टेशन परिसरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत तो मिळतो. रिंगा, रंगीत कापडी वायर, पितळी होल्डर असे काही खास हवे असेल तर मुंबईतल्या लोहार चाळीची, म्हणजे इलेक्ट्रिक सामानाच्या बाजाराची फेरी सार्थकी लागते.

## ७. जोडणी

प्लगवर चालणारा दिवा असेल तर हा टप्पा सोडा. भाड्याच्या घरात तोच घ्यावा. छतावर टांगायचा असेल तर वायरमनला बोलवा आणि पुढच्या गोष्टी त्याच्याकडून करून घ्या.

एमसीबी (मीटर बोर्डावरचा, पुरवठा तोडणारा खटका) बंद करा, नुसता स्विच नको. जुन्या घरांत कधी कधी स्विच फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) निघतो, मग स्विच बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो. त्यानंतर टेस्टर लावून खात्री करा.

आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांच्या बाजूला गेला पाहिजे. उलटे झाले तर बल्ब बदलताना हात लागतो त्या भागात फेज येतो. दिवा उलट जोडला तरी लागतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

सावध: आपल्या घरच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग आणि काळा न्यूट्रल. बाहेरून आलेल्या दिव्यांत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. ‘निळ्याला निळा’ जोडू देऊ नका. धातूच्या शेडला हिरवी अर्थिंगची वायर जोडायलाच हवी.

शेडचे वजन हुकावर किंवा वायरच्या पकडीवर यावे, होल्डरच्या स्क्रूवर कधीच नको. फॉल्स सीलिंगचे पीओपी किंवा जिप्सम वजन पेलत नाही, आधार वरच्या स्लॅबमधून घ्या. स्लॅबमध्ये पंखा आणि स्विचबोर्ड यांच्या सरळ रेषेत भोक पाडू नका, तिथून वायरिंगचा पाइप गेलेला असण्याची शक्यता जास्त. नव्या टॉवरांत अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे हॅमर ड्रिलच लागते. सोसायटीने ड्रिलिंगची वेळ ठरवलेली असते, ती आधी विचारा.

शेवटी, शेडवरची प्लास्टिकची पिशवी काढा. धूळ बसू नये म्हणून ती ठेवणारी घरे खूप आहेत. गरम झाली की ती आक्रसते, चौकट वाकडी करते आणि पिवळी पडते.

## ८. रात्रीची परीक्षा

दिवसा लावून पाहण्यात अर्थ नाही. अंधार पडल्यावर बाकी सगळे दिवे बंद करा आणि घरातल्या प्रत्येक बसायच्या जागेवर पाच मिनिटे बसा, मुलांच्या उंचीवरही. कुठूनही बल्ब दिसला तर शेड खाली करा किंवा बल्ब लहान लावा. वाचताना पानावर स्वतःच्या डोक्याची सावली पडत असेल तर दिवा खांद्याच्या बाजूला सरकवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डावीकडे हवा. कापडाचा जोड भिंतीकडे फिरवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर बल्ब लुकलुकतो आहे, बदलून घ्या.

## पावसाळ्यात आणि नंतर

महिन्यातून एकदा रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडा. ओला फडका फिरवू नका. बहुतेक शेडा गोंदाने चिकटवलेल्या असतात, कडा सुटतात आणि धुळीचा चिखल होऊन डाग कायमचा बसतो. काच आणि धातू काढून धुता येतात, पण बल्ब थंड झाल्यावर.

पूर्वी पिवळ्या बल्बच्या उष्णतेने शेड आपोआप कोरडी राहायची. एलईडीने तसे होत नाही, त्यामुळे ‘रोज दिवा लागतो, बुरशी कशी धरेल’ हा भरवसा आता चालत नाही. जूनच्या आधी वेताच्या आणि ज्यूटच्या शेडा काढून कोरड्या कपाटात ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात तासभर दाखवून पुन्हा लावा. वर तोंड असलेल्या वाटीसारख्या शेडमध्ये पावसाळी किडे मरून साठतात आणि त्यांच्यासाठी पाल मुक्काम करते. आठवड्याला उलटी करून झटका. अस्तर कडक होऊन तडकू लागले किंवा चौकटीचा गंज कापडातून बाहेर आला, तर नवीन कापड चढवण्याच्या फंदात पडू नका. स्टँड ठेवा, शेड बदला, आणि नवी घ्यायला जाताना जुन्या कड्याच्या भोकाचे माप लिहून न्या.